पालथा हात

काठावर उभं राहून देवाकडे मागणाऱ्या माणसाची एक अडचण असते. तो जे मागतो ते आधीच घडून गेलेलं असतं. माणूस पाण्यात असतो किंवा नसतो. आता हात जोडले म्हणून आत असलेला माणूस बाहेर येऊन बसस्टँडवर चहा पीत उभा राहत नाही. तरी काठावरची सगळी माणसं हेच मागतात, की तो आत नसू दे. बुड्याने हे मागणं उभ्या आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं की त्याचं त्यावर एक मत तयार झालं होतं. शर्ट शिवून झाल्यावर शिंप्याला ‘बाह्या जरा लांब काप’ म्हणण्यातला हा प्रकार आहे, असं तो म्हणे. शिंप्याची इच्छा कितीही असो, कापड कुठून आणणार?

बुड्या हे त्याचं खरं नाव नव्हे. तो पाणबुड्या. एवढा मोठा शब्द रोज वापरायला लोकांना वेळ नव्हता, म्हणून पुढचं पाणी गळून गेलं आणि बुड्या उरला. कारखान्यामागे दगडाची एक जुनी खाण होती. दगड संपला, उपसा थांबला, झऱ्यांचं पाणी भरत गेलं आणि खाणीचा तलाव झाला. खडी फोडायची यंत्रं वर काढायचा खर्च कोणी करेना, म्हणून ती तळाशी तशीच राहिली. कारखाना आपल्या बॉयलरसाठी हे पाणी ओढायचा. पाण्याखाली पंपाच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. तिच्यावर शेवाळ, पानं, प्लास्टिकच्या पिशव्या चिकटायच्या, आणि खाली जाऊन ती साफ करणं ही बुड्याची नोकरी. कोणी बुडालं की पोलीस त्याला बोलवायचे. ते नोकरीत बसत नव्हतं, पण गाव त्याला ओळखायचं ते त्याच कामामुळे. साफ जाळीबद्दल त्याला कोणी नमस्कार केल्याचं ऐकिवात नाही.

काम सरळ होतं. काठावर हवेचा पंप, त्यातून निघालेली रबरी नळी, तोंडावर मुखवटा, कमरेला शिशाची वजनं आणि एक दोर. दोराचं दुसरं टोक मेहुण्याच्या हातात. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कारखान्यात फिटरच्या हाताखाली होता. एरवी तोंडाचा फटकळ, देवाधर्माची टर उडवणारा. पण दोर हातात आला की त्याचा चेहरा चुना फासलेल्या भिंतीसारखा व्हायचा. त्याला कारण होतं. पाण्यात काही दिसत नाही म्हणून काठावरचे नातेवाईक दोरवाल्याचा चेहरा वाचतात. एकदा त्याला शिंक येत होती, तोंड जरा वाकडं झालं, तर तिकडे एक म्हातारी धाडकन आडवी झाली. तेव्हापासून त्याने दोर हातात असताना शिंकणंही सोडलं.

खाली गेल्यावर बुड्यालाही काही दिसायचं नाही. गाळ हलला की बॅटरीचा उजेड दुधात बोट बुडवावं तसा जागच्या जागी विरायचा. सगळा शोध हाताने. आणि हात पालथा. हे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं. तळहात हावरट असतो, उस्ताद म्हणायचा, त्याला काही लागलं की तो आधी मूठ आवळतो आणि मग विचार करतो. मुठीत काच येते, तार येते, कधी माणसाचे केस येतात, आणि तेवढ्या खोलवर दचकलेला माणूस पुन्हा वर येईलच असं नाही. म्हणून पालथा हात पुढे ठेवायचा. काही लागलं की थांबायचं, मन ताळ्यावर आणायचं, आणि मगच हात वळवून चाचपायचं. हात वळवल्याशिवाय मिळालं म्हणायचं नाही, आणि नाही मिळालं असंही म्हणायचं नाही. धंद्याचा एकुलता एक नियम. बुड्याने तो एकदाच मोडला.

त्याला मुलगाही एकुलता एकच होता. बुड्या त्याला साहेब म्हणायचा, कौतुकाने नव्हे. ‘साहेब उठले का?’ हे त्या घरातलं सकाळचं पहिलं वाक्य. साहेब विशीत आले होते, मिसरूड जपून वाढवत होते आणि कुठल्याशा बंदरावर कामाला जायचं म्हणत होते. बुड्याचं म्हणणं होतं की पोराने जाळीचं काम शिकावं, कारखाना वशिल्याने घेईल. पोराचं म्हणणं होतं की ज्या कामाची पावती म्हणून लोक रडत पाया पडतात ते काम मला नको. बायको दोघांच्या मध्ये. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानासाठी घरी बसून काजं करायची. बापलेकांचं वाजलं की तिची सुई भराभर चालायची, आणि त्या दिवशीची काजं जास्त घट्ट यायची. दुकानदारही ओळखायचा. म्हणायचा, ‘काल घरी जोरात होतं वाटतं. बटणं आत जात नाहीत.’

शेवटच्या सकाळी फार मोठं काही झालं नाही. नेहमीचंच. पोरगा म्हणाला, मी चाललो. बुड्या भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, “जायचं तर जा. तुझ्यावाचून जाळी तुंबायची नाही.” पोरगा सायकल घेऊन गेला. संध्याकाळी सायकल खाणीच्या कठड्याला टेकवलेली मिळाली, आणि तिच्याखाली चपला, जोडीने ठेवलेल्या.

चपलांवरून नवराबायकोचं त्याच दिवशी दुमत झालं, आणि ते शेवटपर्यंत राहिलं. पोराने घरी कधी चपला जोडीने ठेवल्या नव्हत्या. एक दारात, तर दुसरी शेजाऱ्यांच्या. बायको म्हणाली, पोहायला जाणारा माणूस चपला भिरकावतो. या कोणाला तरी दिसाव्यात म्हणून ठेवल्यात. आपल्याला घाबरवून तो बस धरून गेलाय. बुड्याने काठावर चपलांच्या पुष्कळ जोड्या पाहिल्या होत्या. जोडीने ठेवलेल्या चपलांचा अर्थ त्याच्या अनुभवात वेगळा होता.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी बाहेरगावचा पाणबुड्या आणायची तयारी दाखवली. बुड्या नको म्हणाला. परक्याचा हात त्याला लागायला नको, एवढंच कारण दिलं. मेहुण्याने दोर धरला. काठावर बायको हात जोडून उभी राहिली, आणि बुड्याने आजवर दुसऱ्यांच्या बायकांच्या तोंडून ऐकलेलं मागणं तिने त्याच शब्दांत मागितलं. तो आत नसू दे.

खाली जाताना बुड्यानेही मागितलं. पहिल्यांदाच. मागायची सवय नव्हती, आणि त्यात त्याचं तत्त्व आड आलं. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल मागणं खुळेपणाचं, हे तो इतकी वर्षं म्हणत आला होता. तेव्हा ‘तो आत नसू दे’ असं त्याला म्हणता येईना. जे अजून व्हायचं होतं तेवढंच त्याने मागितलं. ‘माझ्या हाताला लागू देऊ नकोस.’

खाली खडीयंत्राचा लोखंडी सांगाडा होता, आणि त्याला एक शिडी. शिडीच्या डाव्या अंगाला, सांगाड्याच्या आत, पालथ्या हाताला कापड लागलं. कापडाखाली काहीतरी गोल, घट्ट. खांद्यासारखं. बुड्या थांबला. मन ताळ्यावर आणायचा प्रयत्न केला. आता हात वळवायचा. हात तसाच राहिला. वर बायको मागत होती, खाली तो मागून चुकला होता, आणि मधे दोराला मेहुणा. हात कोणी धरला होता, देवाने की त्याने स्वतः, याचा निकाल त्याला पुढे कधीच लावता आला नाही. त्याने हात मागे घेतला, सांगाड्याला वळसा घालून उरलेला सगळा तळ अगदी काटेकोरपणे शोधला, आणि वर येऊन म्हणाला, “आत नाही.”

बायकोने जमिनीला डोकं टेकलं. मेहुण्याने चेहरा न हलवता दोर गुंडाळला. मेलेला माणूस दोन-चार दिवसांत वर येतो, असं काठावरच्या जाणकारांनी तिला सांगितलं. दोन-चार दिवसांत कोणी वर आलं नाही, तेव्हा तिची खात्री पक्की झाली. त्या थंड पाण्यात लोखंडात अडकलेलं काही वर येत नाही हे गावात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो जाळी साफ करत होता.

अशी दहा-अकरा वर्षं गेली. देवाने आपलं ऐकलं यावर बायकोची जी श्रद्धा बसली ती भिंतीसारखी. आधी ती देवाचं करायची ते घरात सगळे करतात म्हणून. आता ती त्याच्याशी घरच्या माणसासारखं बोलायला लागली, काजं करता करता, ओठातल्या ओठात. तिची मागणी मात्र साबणाच्या वडीसारखी वर्षागणिक झिजत गेली. आधी ती म्हणे, त्याला परत आण. मग, एक फोन येऊ दे. मग, ओळखीच्या कोणाला तरी कुठेतरी दिसू दे. शेवटी ती एवढंच मागायची, की जिथे असेल तिथे पोटभर जेवत असू दे. मेहुणा म्हणायचा, “ताई, हे बरं केलंस. हे देवाच्याही सोयीचं आहे. कोणी तपासायला जात नाही.” ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची, पण रागावायची नाही. पहिलं, मोठं मागणं मिळालेल्या माणसाला किरकोळ मागण्यांची घाई नसते.

खरी अडचण दुसरीच झाली. खाणीत कोणी बुडालं की ती काठावर यायला लागली. पाण्याची बाटली घेऊन यायची, रडणाऱ्या बाईच्या शेजारी बसायची आणि म्हणायची, “मागा. मनापासून मागा. मी इथेच उभी होते. माझं ऐकलं त्याने.” बुड्या तेव्हा तिथेच, पाच हातांवर, कमरेला शिशाची वजनं बांधत असायचा. बायका तिच्याकडे बघायच्या, मग त्याच्याकडे, साक्षीदाराकडे बघावं तशा. तो खाली मान घालून पट्टा आवळायचा. त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांची माणसं त्याने वर काढली. बायकोच्या श्रद्धेला तेवढ्याने तडा गेला नाही. त्यांनी मनापासून मागितलं नसेल, असं ती म्हणायची नाही. आपलंच का ऐकलं कोण जाणे, असं म्हणायची आणि काजं करायला बसायची.

बुड्याने त्यानंतर देवाकडे काही मागितलं नाही. मागितलेलं अक्षरशः मिळतं, हे ज्याला एकदा कळलं त्याला पुन्हा मागायचा धीर होत नाही. आठवड्यातून एकदा तो जाळीवर उतरायचा. काम आटोपलं की सांगाड्याच्या दिशेने थोडा जायचा. शिडीच्या उजव्या अंगाला थांबायचा. डावीकडे कधीच गेला नाही. मुखवट्याच्या आत तो म्हणायचा, ‘साहेब, उठलात का?’ वर फक्त बुडबुडे यायचे. मग तो घरातलं सांगायचा. आईचे गुडघे धरतात. मामाला बढती मिळाली, तेव्हापासून तो साहेबापेक्षा साहेब झालाय. मेहुण्याला वर वाटायचं, जाळी हल्ली फार तुंबते.

मग कारखान्याला पाण्याची नवी पाइपलाइन आली. खाण बुजवून त्या जागी गोदाम बांधायचं ठरलं. सुपरवायझरने बुड्याला बोलावून सांगितलं की नोकरी जाणार नाही, गोदामावर पहारेकरी म्हणून घेऊ. इतकी वर्षं पाण्याखाली काढली, आता जरा कोरडे राहा, असं म्हणून तो हसला. पुढच्या आठवड्यात डंपर सुरू होणार होते.

बायकोला घरी हे कळलं तेव्हा तिने समाधानाने मान हलवली. बरं झालं म्हणाली, आता कुठल्या आईला तिथे उभं राहायला नको. बुड्या समोर बसला होता. तिच्या मांडीवर पांढऱ्या शर्टांचा ढीग होता. दुपारची वेळ, खिडकीतून उजेड, ती एकेक शर्ट उचलून काज घालत होती. पोरावर दगडमाती पडणार आणि पोराची आई त्याला बरं झालं म्हणणार, हे त्याच्याने ऐकवेना. इतकी वर्षं गप्प राहायला लागला नव्हता तेवढा जोर त्याला तोंड उघडायला लागला. त्याने सांगितलं. शिडी, सांगाडा, कापड, खांदा. पालथा हात म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. उस्तादाचा नियम तिने लग्न झाल्यापासून ऐकला होता.

ती सुई तशीच धरून बसली. मग म्हणाली, “हात वळवला नाहीत.”

“नाही.”

“का?”

“मी मागितलं होतं. हाताला लागू नये म्हणून.”

तिने शर्ट बाजूला ठेवला, त्याची घडी घातली, पुन्हा उलगडला. “मग माझं कोणी ऐकलं?” तिने विचारलं. “इतकी वर्षं मी देवाचे आभार मानतेय. ते काय तुमचे मानायचे होते? त्या बायकांना सांगत फिरले मी. मागा म्हणून. तुम्ही तिथेच होतात, आणि सांगू दिलंत.”

तो म्हणाला, “तुला बरं वाटत होतं.”

“हो,” ती म्हणाली, “वाटत होतं.” मग सुई शर्टाला टोचून ठेवत म्हणाली, “आणा त्याला.”

मेहुण्याला त्याच संध्याकाळी सांगावं लागलं, कारण दोर त्याच्याशिवाय कोण धरणार. त्याने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “भाऊजी, खोटं बोलायचं नव्हतं तेव्हा बोललात, आणि खरं बोलायची काही गरज नव्हती तेव्हा बोललात. दोन्हीकडे वेळ चुकली तुमची.” एवढं बोलून तो पंपाचं इंजिन तपासायला गेला आणि तिथे उगाच बराच वेळ नट घट्ट करत बसला.

सुपरवायझरला त्यांनी जाळी काढून घ्यायची आहे असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी काठावर ती तिघंच. बायकोने हात जोडले नाहीत. तिने घरून एक धुतलेली चादर आणली होती, ती उराशी धरून उभी राहिली, भावाच्या चेहऱ्याकडे बघत. मेहुण्याने चेहरा भिंतीसारखा करायचा प्रयत्न केला. या वेळी जमलं नाही. तो पाठ करून उभा राहिला.

बुड्या शिडीच्या डाव्या अंगाला गेला. इतक्या वर्षांत प्रथमच. पालथा हात पुढे. सांगाडा, गाळ, आणि मग कापड. त्याखाली तेच गोल, घट्ट. तो थांबला. मनाला ताळ्यावर आणण्यात आता अर्थ नव्हता, त्याने हात वळवला.

जाड कापड होतं, पोत्याच्या कापडासारखं, वरून सुतळीने बांधलेलं. त्याने सुतळी तोडली, कापड फाडलं, आत हात घातला. थंड लोखंड. पंख्यासारखी पाती. खालच्या बाजूला वायरींचं तोंड. खडीयंत्राची मोटर होती. खाण बंद करताना कोणा काळजीवाहू माणसाने ती पावसापाण्याने खराब होऊ नये म्हणून गुंडाळून ठेवली होती.

बुड्याने सांगाड्याचा इंचन्‌ इंच चाचपला. उजवीकडे, डावीकडे, वर, खाली, गाळात कोपरापर्यंत हात खुपसून. दुसरं काही नव्हतं. हाड नव्हतं, पट्ट्याचं बक्कल नव्हतं. दहा-अकरा वर्षं तो एका मोटरीला घरातली खबर देत होता, आणि पोरगा निदान उलटून बोलायचा, मोटरीने तेवढंही केलं नव्हतं.

तो वर आला. मुखवटा काढला. म्हणाला, “नाही तो. मोटर आहे. खांदा वाटला ती मोटर होती.” पुरावा म्हणून त्याने कापडाचा फाडलेला तुकडा आणला होता. तो बायकोपुढे धरला. आयुष्यभर कापड हाताळलेल्या बाईने तो दोन बोटांत धरून चोळला, पिळला आणि परत दिला.

“बरं,” ती म्हणाली. “अंग पुसा. गारठलात.”

चादर तिने त्यालाच पुसायला दिली. बुड्याला वाटलं, सुटलो. घरी पोचेपर्यंत त्याला कळलं की तिचा विश्वास बसलेला नाही.

तो पुन्हा गेला. दुसऱ्या दिवशी, त्याच्या पुढच्या दिवशी. मोटर वर काढून दाखवावी म्हणून साखळी लावली, पण ती सांगाड्याला बोल्टने जखडलेली होती, हलेना. सगळा तळ त्याने पुन्हा पालथा घातला. जितक्यांदा वर येऊन ‘नाही’ म्हणाला तितका तो शब्द हलका होत गेला. शेवटी तिने त्याला समोर बसवलं आणि समजुतीने, आजारी माणसाशी बोलावं तसं सांगितलं, “तुम्ही तेव्हाही माझ्यावर दया केलीत. आता पण करताय. मी परवा चादर घेऊन उभी राहिले, ते तुम्हाला बघवलं नाही. पुरे झालं. मला कळतं.”

“अगं, खरंच नाही तो,” बुड्या म्हणाला.

“तेव्हा पण असंच म्हणालात,” ती म्हणाली. “आवाजसुद्धा हाच.”

सुपरवायझरने त्याला उतरायला बंदी केली, आणि डंपर सुरू झाले. ट्रकभर दगड, मग पाडलेल्या बांधकामाचं राबिट, मग माती. बायको रोज जाऊन बघायची. रडायची नाही. पाणी काठावरून आधी वर आलं, रस्त्यावर सांडलं, मग कमी कमी होत एक डबकं राहिलं, आणि एके दिवशी तेही नव्हतं. त्यानंतर ती दर रविवारी तिथे जायला लागली. सपाट केलेल्या मातीच्या कडेला बसायची, सोबत काजांचे शर्ट घेऊन. गोदामाच्या पायाचे मजूर तिला सावलीत जागा करून द्यायचे. कोणी विचारलं तर सांगायची, माझा मुलगा आहे इथे. सांगताना तिचा आवाज स्थिर असायचा. इतक्या वर्षांत तिला कधी इतकी गाढ झोप लागली नव्हती, हेही तिनेच भावाला सांगितलं.

झोप बुड्याची उडाली. पोरगा खाली नाही हे जगात आता फक्त त्याला माहीत होतं. खाली नाही म्हणजे कुठेतरी आहे. निदान होता. कठड्याला सायकल टेकवून, चपला जोडीने मांडून, अनवाणी बसमध्ये चढला होता. आणि आपण त्याला कुठेच शोधलं नाही. ना फोन, ना पोलिसांत पुन्हा चौकशी, ना त्या बंदरावर एक फेरी. बायको सुचवायची तेव्हाही आपण टाळत राहिलो. मेलेल्या पोराला कोण शोधतं? आता पहाऱ्याची पाळी संपली की तो बसस्टँडवर जायला लागला. लांबच्या गाड्या येतात त्या फलाटावर उभा राहायचा. तिशी उलटलेल्या माणसांचे चेहरे निरखायचा, कारण साहेब आता तेवढे झाले असणार. तो बंदरावरही जाऊन आला. तिथे त्याला कोणी काही सांगू शकलं नाही. एका मुकादमाने विचारलं, फोटो आहे का? फोटो होता, विशीतल्या पोराचा. मुकादमाने तो सौजन्याने बराच वेळ पाहिला.

मेहुणा दोघांकडे येऊन-जाऊन असायचा. बहिणीकडे गेला की तिच्यासारखं बोलायचा, बुड्याबरोबर चहा प्यायला की त्याच्यासारखं. एकदा बुड्याने त्याला विचारलं, तुला काय वाटतं, खरं सांग. मेहुणा कप फिरवत राहिला. म्हणाला, “भाऊजी, मी दोर धरणारा माणूस. तुम्ही सांगाल ते खरं.” मग कप खाली ठेवून म्हणाला, “ताईला नेमकं तेवढंच मानायला जमत नाही.”

बुड्या आता मागतो. रोज मागतो. म्हातारपणी शिकलेल्या कामासारखं, चुकत-माकत. त्याचं तत्त्व त्याला आठवतं. पोरगा जिवंत आहे किंवा नाही, ते कधीच ठरून गेलंय, शर्ट शिवून झालाय. तरी तो मागतो. आणि शब्द फार जपून निवडतो. नुसतं ‘येऊ दे’ म्हणत नाही, कशा अवस्थेत येईल त्याचा नेम नाही. ‘धडधाकट’ म्हणतो. ‘बसमधून’ म्हणतो. एवढा बारकावा ऐकून देवालाही कंटाळा येत असेल, असं त्याला कधी कधी वाटतं, पण एकदा मोघम मागून त्याने पाहिलं आहे.

संध्याकाळी दिवा लावल्यावर बायको भिंतीकडे तोंड करून बसते आणि मागते, की जिथे आहे तिथे त्याला शांत झोपू दे, त्याच्यावरचे दगड हलके होऊ देत. तो खिडकीकडे तोंड करून बसतो आणि मागतो, की उद्याच्या गाडीने येऊ दे. खोली लहान आहे, दोघांनाही दुसऱ्याचं ऐकू येतं. एकाचं मागणं पुरवायचं तर दुसऱ्याचं नाकारल्याशिवाय देवाला गत्यंतर नाही. आजवर त्याने दोघांनाही सारखंच ताटकळत ठेवलं आहे, आणि याला मेहुणा न्याय म्हणतो.

बुड्याचं आधी आटपतं. तिचं व्हायचं असतं. तो उठत नाही, खोकतसुद्धा नाही, ती मनाने त्या दगडांपाशी असते तोवर बसून राहतो. मग ती डोळे उघडते, त्याच्याकडे वळते आणि विचारते, जेवायला वाढू का. तो वाढ म्हणतो.